संडासासाठी हादगा

"माझ्या वडिलांचं नाव संडासावर घालू व्हय, बाई?" दामूशेठ वाणी उभं राहून म्हणाले आणि सगळी पालकसभा खो खो हसली.

गोसावी बाईंचं तोंड लालभडक झालं. त्या आमच्या गावच्या हायस्कुलाच्या हेडबाई. गावात खोली घेऊन एकट्या राहायच्या, आणि शाळा म्हणजे आपलंच घर अशा वागायच्या. त्या म्हणाल्या, "नाव घालायलाच पाहिजे असं कुठं आहे, शेठ?"

"मग देणगी कुणाची ते कळायचं कसं?"

आमच्या गावाची रीतच ती. शाळेला द्यायला कुणी कधी मागं सरलं नाही. पण दिलं की त्यावर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ठळक आलं पाहिजे. पंख्याच्या पात्यांवर नावं, पाण्याच्या टाकीवर नाव, घड्याळाच्या तबकडीवर तर कुणाच्या तरी आजोबांचं नाव एवढं मोठं, की आकडे शोधावे लागायचे. सरपंचांनी फाटकाला कमान दिली होती, ती शाळेपेक्षा उंच. आणि बाई मागत होत्या काय, तर पोरींसाठी संडास. आता संडासावर कुठला बाप चालायचा?

मी मागं बायकांत बसले होते. मला हसू आलं नाही, संताप आला. कारण तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की शाळेच्या मागं मोकाशांचा ऊस आहे, आणि पोरी त्या उसात जातात. ऊस उभा असेपर्यंत आडोसा. दिवाळी झाली की कारखान्याची टोळी यायची, चार दिवसांत रान उघडंबोडकं व्हायचं. मग मोठ्या वर्गातल्या पोरी एकेक करून शाळेत यायच्या बंद व्हायच्या. हे दरसालचं. उन्हाळ्यात पुन्हा ऊस वाढायचा, पण गेलेली पोरगी काही परत यायची नाही.

माझी थोरली, मालन, अशीच आठवीतनं घरी बसली. तीन वर्षं घरात काढली आणि सोळावं सरलं नव्हतं तेवढ्यात लग्न होऊन गेली. सभा झाली त्या साली तिला चार महिन्यांचं मूल होतं. आता धाकटी कांचन आठवीत होती. तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गणपती उठल्या उठल्या सांगून टाकलं होतं, "ऊस तुटला की कांचनची शाळा बंद. पोरगी उघड्यावर धाडायची न्हाई. संडास बांधा, मग बघू."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच तर जाच होता. आणि घरात त्यांच्या शब्दापुढं जायची कुणाची टाप नव्हती. माझ्या नवऱ्याची तर अजिबात नाही.

सभा पांगल्यावर आम्ही पाच-सहा बायका रेंगाळलो. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, ह्यांच्या नादी लागू नका. नाव नको असणारा पैसा बायकांकडं असतो. लुगड्याच्या गाठीला."

"तो कसा बाहेर काढायचा, इंदूताई?"

"हादगा तोंडावर आलाय की."

बाईंच्या डोळ्यांत लगेच उजेड पडला. हस्त नक्षत्र लागलं की आमच्या शाळेत हादगा बसायचा. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फुलांची, भाज्यांची माळ, पोरींचा फेर, गाणी. आणि शेवटी खिरापत. रोज एकेका घरचा डबा यायचा, झाकण घट्ट लावलेला. पोरींनी तो हलवायचा, हुंगायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. अर्धी मजा त्या ओळखण्यातच.

बाईंनी ठरवलं, यंदा रोज एक नाही, दहा घरचे डबे मागवायचे. पोरींनी आया-आज्यांना घेऊन यायचं. एक रुपया टाकायचा आणि ओळखायचं. ओळखलं तर डबा तुमचा, चुकलं तर रुपया संडासाचा.

पहिले चार दिवस नुसती झुंबड. माझी एक चुलत जाऊ तर घरात भाकरी न थापता शाळेत येऊन बसायची. पण बायका हुशार. कुणाच्या घरी काय होतं हे गावात लपतंय कुठं? सकाळी पिठाच्या गिरणीत डाळ कुणी दळली त्यावरनं दुपारचा डबा ओळखायच्या. शिरा, साखरखोबरं, लाह्या, पुन्हा शिरा. आठव्या दिवसापर्यंत गर्दी निम्म्यावर आली. बाईंनी मला बोलावून डब्यातले पैसे दाखवले. विटा येतील, म्हणाल्या, पण सिमेंट नाही की पत्रा नाही, आणि मोकाशी सांगून गेलेत, यंदा टोळी लवकर येणार.

मी घरी गेले ते डोकं तापवूनच.

आमचे सासरे धोंडिराम आचारी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आसपासच्या चार गावांतलं लग्न त्यांच्या हातचं असल्याशिवाय लग्न वाटायचं नाही. विशेषकरून त्यांची बुंदी. दाणा मोत्यासारखा, आत पोकळ, पाक असा की बोटाला चिकटायचा नाही. घराच्या मागं, न्हाणीच्या खिडकीसमोर, त्यांची शेड होती, तिथं भट्टी, कढया, झारे. त्या शेडमध्ये आम्ही बायकांनी काय करायचं, तर कांदे चिरायचे, पुऱ्या लाटायच्या, भांडी घासायची. झाऱ्याला हात लावायचा नाही. "बाईच्या हाताला पाकाची तार कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं. मी एकदा विचारलं होतं, "मग घरोघरी गुळाच्या पोळ्या कोण करतं, पुरुष?" तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता त्यांनी.

आणि तोंड! जिथं रांधायला जातील तिथं त्या घरच्या बायकांना चार गोष्टी सुनावल्याशिवाय यायचे नाहीत. 'तुमच्या घरात मसाला भाजत न्हाईत, जाळत्यात,' असं कुणाला. 'तुमचं ताक हाय का धुणं धुतल्यालं पाणी,' असं कुणाला. गावात असं एक घर नव्हतं की जिथल्या बाईला आप्पांचा वचपा काढायचा नव्हता.

त्या संध्याकाळी ते चिंच लावून पितळी पातेलं घासत बसले होते. मी कांदे घेऊन समोर बसले.

"आप्पा, लोक काय म्हणत्यात ठाऊक हाय का?"

"लोकास्नी दुसरा धंदा काय? काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, आचाऱ्याचं नाक गेलं. वय झालं."

त्यांचा हात थांबला. "कोण म्हणलं?"

"नावं नाही घ्यायची मी. मला गावात राहायचंय."

"अगं, झाकण न काढता सांगीन, डब्यात काय हाय ते! कुणाचाबी डबा आण."

"मग या की शाळेत. हादग्याच्या बोळवणीला."

"बायकांच्या हादग्यात मी?"

"नाक गेलं असंल तर नका येऊ. मी सांगते बाईंना, आप्पांना पडसं झालंय."

आप्पांनी पातेलं बाजूला ठेवलं. "संडासाला मी एक पैसा देणार न्हाई, हे आधीच सांगतो. पण नाकाचं म्हणशील, तर सांग गावाला. एक डबा चुकलो, तर ज्याचा डबा त्यानं माझ्याकडं मागावं. मागंल ते देईन."

मी उठले ती थेट बाईंच्या खोलीवर. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून आलं, 'आचारी आप्पांना हरवा. एक डबा दहा रुपये.' दवंडीची गरजच पडली नाही.

बोळवणीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुषसुद्धा कमानीखाली उभे. पोरींचा फेर झाला, गाणी झाली आणि बाईंनी आप्पांना खुर्ची दिली. ते धुतलेलं धोतर, फेटा, कपाळाला बुक्का अशा थाटात आलेले. समोर बाकावर डब्यांची रांग.

पहिला डबा दामूशेठच्या बायकोचा. आप्पांनी हलवला. आवाजच नाही. बायका खुसखुसायला लागल्या. त्यांनी झाकणाच्या कडेला नाक लावलं, डोळे मिटले.

"खारीक हाय," ते म्हणाले. "पण कापूस कशाला गं भरलास? खारकंला थंडी वाजती व्हय?"

झाकण काढलं तर खरंच, खारका कापसात गुंडाळलेल्या. हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी. वाणीणबाई पदर तोंडाला लावून मागं गेल्या.

दुसरा सरपंचीणबाईंचा. त्यांचा भाऊ पुण्याला होता, त्याच्याकडून काहीतरी खास मागवलेलं. आप्पांनी हुंगलं आणि डबा लांब धरला. "ह्यो केक हाय. आणि अंड्याचा हाय. हादग्याला अंडं आणलंस, बाई?"

काय गोंधळ उडाला! सरपंचीणबाई शपथा घ्यायला लागल्या की मला माहीतच नाही, केकात अंडं असतं. एका म्हातारीनं हत्तीच्या चित्रावर गोमूत्र शिंपडलं. बाईंनी कसंबसं आवरलं.

पुढं मग थांबलाच नाही माणूस. करंजी म्हणाला, करंजी निघाली. करंजीत तीळ जास्त झालेत म्हणाला, तेही खरं निघालं. कुणी डब्यात डबा घालून आणला, कुणी वर कांद्याची सालं पसरली. काही उपयोग नाही. प्रत्येक दहा रुपयांबरोबर एकेक टोमणा. पण एक सांगते, बायका चिडत नव्हत्या. हरल्या तरी खूश होत्या. असं एकत्र हसणं त्या पटांगणानं कधी पाहिलं नसेल. बाईंच्या टेबलावरचा पैशांचा डबा दोनदा रिकामा करावा लागला.

मी घरनं एक डबा आणला होता. आवळ्याची सुपारी, त्यात थोडा ओवा, वास चुकावा म्हणून. कांचनच्या हातात द्यायला गेले तर ती म्हणाली, "तुझा तू ठेव. मी माझा आणलाय."

"कसला? आणि दहा रुपये कुठनं आणलेस?"

"ताईनं जाताना दिलेले," ती म्हणाली आणि पुढं गेली.

कांचन अंगानं बारीक, बोलायची कमी. आप्पांच्या पुढ्यात एक छोटा ॲल्युमिनियमचा डबा ठेवून उभी राहिली. आप्पा हसले. "तूबी आलीस व्हय आज्याला हरवायला? ये, ये."

त्यांनी डबा हलवला. बारीक खुळखुळ झाली. नाकाशी नेला. आणि मग मी पाहिलं, त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा हलवला. पुन्हा हुंगला. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच डब्याला घेतला नव्हता. एकदा त्यांनी कांचनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मला खरंच ठाऊक नव्हतं.

"साखरफुटाणं," आप्पा म्हणाले.

"नक्की, आप्पा?" कांचननं विचारलं.

"नक्की. हरभऱ्याचा वास हाय, साखरंचा हाय. साखरफुटाणं."

कांचननं झाकण काढलं.

आत बुंदी होती. केशरी, मोकळी, दाण्याला दाणा न चिकटलेली.

क्षणभर कुणाला कळेना ओरडावं की काय करावं. मग बायकांनी जो गलका केला तो पार वेशीपर्यंत गेला असेल. वाणीणबाई तर नाचायच्याच बाकी होत्या. पण आप्पा हलले नाहीत. डब्याकडं बघत होते.

"कोठीतली उचललीस माझ्या," ते म्हणाले.

"तुमचा दाणा मोठा असतोय, आप्पा. ही बारीक झाऱ्याची हाय."

आप्पांनी एक दाणा उचलला, दोन बोटांत दाबला. चुरा झाला. दुसरा जिभेवर ठेवला. "कुणी केली?"

"मी."

"कधी?"

"तुम्ही आणि बाबा परवा भंडाऱ्याच्या सैपाकाला गेला होता, तवा."

"पाक?"

"एकतारीच्या पुढं. दोनतारीच्या अलीकडं. ताटलीत थेंब टाकला आन् तो पसरला न्हाई, तवा उतरवला."

आप्पा खुर्चीवरनं उठले. मला वाटलं, आता हिच्या कानाखाली बसते. मी पुढं झालेच. पण त्यांनी कांचनच्या डोक्यावर हात ठेवला.

"पहिल्या हुंगण्यालाच नाक म्हणलं, बुंदी," ते सगळ्यांना सांगायला लागले. "पण डोकं म्हणलं, कसं शक्य हाय? चार गावांत माझ्याबिगर बुंदी पाडणारा कोण हाय? नाकाचं ऐकलं न्हाई मी. नाक खरं निघालं." मग मान वर करून, फेटा सारखा करून म्हणाले, "माझ्या लेकाला, शंकऱ्याला, जन्मात पाक कळला न्हाई. हिला कळला! आता ऐका. दिवाळीनंतर हिची शाळा बंद. ही माझ्यासंगं येणार. माझ्यामागं धंदा ही चालवणार!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, खरंच वाजवल्या. एवढ्या मोठ्या आचाऱ्यानं नातीला वारस केलं, केवढं कौतुक! माझा नवरा, ज्याला भर पटांगणात नालायक ठरवलं होतं, तोसुद्धा वाजवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या पटांगणात, शाळेसाठी जमलेल्या पैशाच्या शेजारी उभा राहून हा माणूस माझ्या पोरीची शाळा बंद करतोय आणि गाव टाळ्या वाजवतंय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात कांचननंच विचारलं, "आप्पा, मागंल ते देणार होता न्हवं?"

"माग की! पैंजण करू? सायकल घेऊ?"

"माझं लग्न तुम्हीच रांधणार ना?"

"मग दुसरा कोण रांधणार? पाच पक्वान्नं करीन!"

"मग मी दहावी पास झाल्याबिगर माझ्या लग्नाची बुंदी पाडायची न्हाई. तवर शाळा बंद करायची न्हाई. सुट्टीच्या दिवशी मी येईन तुमच्यासंगं, रोज न्हाई."

आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव समोर. ज्या ज्या बाईला त्यांनी आयुष्यभर सुनावलं, ती प्रत्येक बाई डोळे मोठे करून बघत होती.

"आन् संडास?" ते म्हणाले. "ऊस तुटल्यावर काय?"

"कमी पडलं ते तुम्ही घाला. शब्द दिलाय न्हवं?"

"एक पैसा देणार न्हाई म्हणलो होतो मी." पण आवाजात आता जोर नव्हता.

मागनं वाणीणबाई ओरडल्या, "का हो आचारी, नाकासंगं जीभबी गेली का?"

आप्पांना हसू फुटलं. काय करणार! "बांधतो म्हणा," ते म्हणाले, आणि खाली बसले.

आणि माणूस शब्दाला पक्का. दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरायला लागले. हात जोडून बिडून नाही, आपल्या पद्धतीनं. "तुझ्या लेकाचं लग्न माघात हाय न्हवं? मी पाहिजे न्हवं? मग शाळंवर सिमेंटची दोन पोती टाक, तारीख धरतो." दामूशेठनी पत्रे दिले, नाव न घालता. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची तारीख होती वैशाखात. गवंड्याला आप्पांनी स्वतः जेवू घातलं, आणि गवंडी तीन दिवसांचं काम पाच दिवस करत बसला, त्या जेवणापायी.

दिवाळी झाली, टोळी आली. मोकाशांचा ऊस तुटला. मी त्या आठवड्यात मुद्दाम शाळेवरनं गेले. रान मोकळं, पार ओढ्यापर्यंत दिसत होतं. आणि खिडकीतनं आठवीचा वर्ग दिसत होता. पोरींचे बाक भरलेले. एक पोरगी घसा साफ करून मोठ्यानं काहीतरी वाचत होती, बाकीच्या कंटाळून खाली बघत होत्या. मला रडू आलं. रस्त्यात उभी राहून रडले मी, लाज वाटली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती चारचौघींत हसत हसत सांगितली असती. सांगायचेही, बरीच वर्षं. पण तेवढीच सांगायचे. पुढचं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मालन आली, पोराला घेऊन. दिवाळीला तिच्या सासरच्यांनी धाडलं नव्हतं, आता एका दिवसापुरती आलेली. रविवार होता. शेडमध्ये भट्टी पेटलेली, आप्पा स्टुलावर आणि कांचन कढईशी. मी बाजूला वेलदोडे सोलत होते. मालन पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

आप्पांना कोण आनंद! "ये, ये, मालन. बघ, तुझी बहीण बघ. सगळ्या गावादेखत मला हरवलं हिनं. आन् शिकवलं कुणी? कुणी न्हाई. नुसतं बघून बघून शिकली. रक्त हाय आचाऱ्याचं!"

मालन हसली. "ऐकलं मी, आप्पा. चांगलं झालं."

कांचननं झारा कढईच्या काठावर ठेवला. "ताई, सांग की आता."

"काय सांगायचंय? तू कर तुझं."

"मग मी सांगते." कांचन आप्पांकडं वळली. "आप्पा, मी बघून न्हाई शिकले. मला ताईनं शिकवलं. बाळंतपणाला आली होती तवा. तुम्ही कामाला गेला की."

आप्पा हसतच होते. "हिनं? आन् हिला कुणी शिकवलं?"

मालननं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तीन वर्षं घरात बसवली होती की मला," ती म्हणाली. "त्या न्हाणीच्या खिडकीतनं दुसरं काय दिसत होतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी तिची आई. न्हाणीच्या खिडकीशी ती तासन् तास उभी असायची, ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, पोरगी खुळ्यासारखी नुसती बघत बसते.

आप्पांचं हसू गेलं. "तू कधी पाडलीस बुंदी?"

"तुम्ही पंढरीला गेला होता दोन दिवस, तवा पहिल्यांदा. जळाली. मग जमली. आईच्या नकळत शेरडांना घातली सगळी. घरात कुणाला द्यायची?"

"मग बोलली का न्हाईस?"

"झाऱ्याला हात लावला म्हणून तुम्ही काय केलं असतं, आप्पा?"

आप्पा स्टुलावरनं उठले, कढईवरचा झारा उचलला आणि मालनच्या पुढं धरला. "ये," ते म्हणाले. "पाड. मी पोराला धरतो."

त्यांनी असं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. कांचन सरकून जागा करून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर केवढी आशा होती! मलाही वाटलं, घे गं, घे एकदा हातात.

मालननं झाऱ्याकडं पाहिलं. नीट पाहिलं, कडेपासून दांड्यापर्यंत. मग म्हणाली, "आता कशाला, आप्पा? चार वाजता मला न्यायला येणार हायत. आन् ह्याला भूक लागलीया."

ती वळली आणि घरात गेली.

कढईतलं तूप तापून धुरावायला लागलं. कांचननं खाली बसून भट्टीतली लाकडं मागं ओढली. आप्पा तसेच हात पुढं करून उभे. आत मालन पोराला पाजत काहीतरी गुणगुणत होती. पाच पावलांवर माझी लेक बसली होती, आणि मला तिच्यासमोर जायचा धीर होईना.